शेपटीतलं तेल : काजू-फेरोसीन प्रकल्पाच्या नोंदी

१८ मार्च २०२४, सोमवार

मंजुरीचं पत्र आलं. मागितले त्याच्या निम्मेच पैसे, पण आलं. अर्जात मी एक वाक्य घातलं होतं, ‘गोव्याचे काजू आणि गोव्याचे लोह एकाच रेणूत’. समितीला ते आवडलेलं दिसतंय, पत्रातही तेच उचललंय. निदान या वहीत तरी खरं लिहून ठेवते. लोह गोव्याचं नसणार, फेरस क्लोराइडची बाटली बाहेरून येते. डिचोलीत आमच्या घरासमोरून खनिजाचे ट्रक जायचे तेव्हा अंगणातली तुळससुद्धा लाल असायची. २०१२ला खाणी बंद झाल्या आणि पहिल्या पावसानंतर ती हिरवी दिसली. त्या मातीतला एक कणही माझ्या फ्लास्कमध्ये येणार नाही. काजू मात्र इथलाच, म्हणजे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणून इथला झालेला.

रेणूचं चित्र असं. डोकं फेरोसीनचं, मध्ये छोटा पूल, मागे पंधरा कार्बनांची शेपूट. शेपूट काजूच्या टरफलातल्या तेलातून घ्यायची. फेरोसीन म्हणजे कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांमध्ये दाबून बसवलेला लोहाचा अणू. तो एक इलेक्ट्रॉन देतो आणि निळा पडतो, परत घेतो आणि नारिंगी होतो, आणि हे किती वेळा केलं तरी कुरकुरत नाही. विद्युत-रसायनवाले त्याला मोजपट्टी म्हणून वापरतात ते याच गुणामुळे. त्याला लांब तेलकट शेपूट जोडली तर रेणू इलेक्ट्रोडवर शिस्तीत ओळीने उभे राहतील का, हा आमचा प्रश्न. मोजमापं पुढच्या वर्षी. या वर्षी फक्त पदार्थ बनवायचा, आणि शुद्ध बनवायचा.

हाताशी दोघं आहेत, एक पीएचडीची मुलगी आणि एक एमएस्सीचा मुलगा.

२२ मार्च

सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या काजू कारखान्यातून तीन किलो टरफलं आणली. फुकट मिळाली, नाहीतर भट्टीतच जाणार होती. तिथे बिया वाफवतात आणि मग बायका ओळीने बसून हातापायाच्या कटरवर एकेक बी फोडतात. हाताला तेल आणि राख चोळलेली, तरी बोटांची टोकं काळी. आईची बोटं आठवली. आमची चार झाडं होती. मे महिन्यात ओल्या काजूगरांची उसळ हवी म्हणून ती कच्च्या बिया फोडायची आणि आठवडाभर तिच्या बोटांची सालं निघायची. आम्ही उसळ खायचो.

टरफल आडवं कापून भिंगाखाली पाहिलं. दोन कठीण सालींच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आणि प्रत्येक घरात तपकिरी चीक. त्यात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल. सॅलिसिलिक आम्लाला पंधरा कार्बनांची साखळी चिकटवली की हे तयार. साखळीत कधी एक दुहेरी बंध, कधी दोन, कधी तीन, क्वचित एकही नाही. बिब्बा, आंबा आणि काजू एकाच कुळातले, आणि तिघांचाही चीक अंगावर उठतो. कुटुंबाचा स्वभाव.

५०० ग्रॅम टरफलं कुटून सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हापुन्हा उकळून पदार्थातून फिरवणारं काचेचं उपकरण) हेक्झेनवर आठ तास ठेवली. १२० ग्रॅम तेल. काकवीसारखं दाट.

३ एप्रिल

आज फजिती. अ‍ॅनाकार्डिक आम्ल तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कार्डेनॉल उरतं. हे वर्गात मी दरवर्षी एका ओळीत शिकवते. त्या एका ओळीतून किती वायू निघेल याचा हिशेब मात्र केला नव्हता. १०० ग्रॅम तेल, पाव लिटरचा फ्लास्क, ऑइल बाथ १५० अंशांवर. फेस कंडेन्सरमध्ये चढला, तिथून वर येऊन स्टँडवरून ओघळला. नंतर कागदावर मांडलं तर चार-साडेचार लिटर वायू, आणि तो चिकट तेलातून बाहेर येणार. भातावर झाकण घट्ट बसवून गॅस मोठा ठेवला की काय होतं ते घरी प्रत्येकाला माहीत असतं.

उरलेलं तेल एक लिटरच्या फ्लास्कमध्ये ओतलं, आच हळूहळू वाढवली, तीन तास लागले. निमूट झालं.

हातमोजा आणि अ‍ॅप्रन यांच्या मधल्या दोन बोटं जागेत एक थेंब पडला होता. साबणाने धुतला.

५ एप्रिल

थेंबाच्या जागी फोड. आईला फोन केला. ‘खोबरेल लाव आणि खाजवू नकोस. मी सांगितलं तर ऐकत नव्हतीस, आता डॉक्टर होऊन शिकलीस.’ माझ्या पीएचडीला ती अजून याच अर्थाने डॉक्टर म्हणते.

१२ एप्रिल

निर्वात पंपावर ऊर्ध्वपातन. कार्डेनॉल २०० अंशांच्या वर, फिकट पिवळं, ४४ ग्रॅम. मागे फ्लास्कमध्ये डांबर उरलं, ते काढायला भाऊंनी (आमचे लॅब अटेंडंट) दोन दिवस मागितले. बाटली नायट्रोजनखाली बंद करून फ्रिजमध्ये. थोडं मुद्दाम उघडं ठेवलं होतं, ते सोमवारपर्यंत गुलाबी होईल.

१९ एप्रिल

दुहेरी बंध भरून टाकले. साखळीत बंधांची खिचडी राहिली तर पुढे काहीच धड स्फटिकरूप होणार नाही, म्हणून सगळ्या रेणूंची शेपूट एकसारखी सरळ करायची. ६ ग्रॅम कार्डेनॉल, उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम-ऑन-चारकोल, वर हायड्रोजनचा फुगा. रेणूमागे सरासरी दोन बंध धरले तर साधारण एक लिटर हायड्रोजन लागतो. फुगा दोनदा बदलला. तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच टम्म होता, तेव्हा समजलं की पोट भरलं. गाळताना पॅलेडियमचा थर कोरडा होऊ द्यायचा नाही, हे मुलाला तीनदा सांगितलं. कोरडा झाला तर हवेतच पेट घेतो.

पेट्रोलियम इथरमधून पांढरे पापुद्रे. ४.९ ग्रॅम, हिशेबाने मिळायला हवं त्याच्या ८० टक्के. वितळबिंदू ४९ ते ५१. हे ३-पेंटाडेसिलफेनॉल. या उकाड्यात ते घन राहतं हीच त्याची मेहेरबानी.

२९ एप्रिल

शनिवारी रात्रभर लाइट नव्हती. फ्रिजमध्ये दुसऱ्या फेरीचे स्फटिक पडायला ठेवले होते, ते सगळे परत विरघळले. पुन्हा थंड करतोय.

उद्यापासून निवडणूक ड्युटीचं प्रशिक्षण. वहीत काही दिवस काही नसेल.

७ मे, मंगळवार

मतदान. पहाटे पाचला केंद्रावर, रात्री साडेनऊला मशीन जमा करून घरी.

१४ मे

फेरोसीन विकत घेता आलं असतं. पण मुलांनी आयुष्यात एकदा तरी ते स्वतः बनवावं असं मला वाटतं, आणि पैसेही निम्मेच आहेत.

पायरी पहिली: डायसायक्लोपेंटाडाइन फोडणं. बाटलीत ते दोन-दोनच्या जोड्यांनी बसलेलं असतं. १७० अंशांच्या वर तापवलं की जोड्या सुटतात आणि ४१-४२ अंशांना एकेकटं सायक्लोपेंटाडाइन वर येतं. ते बर्फात धरायचं आणि लगेच वापरायचं, कारण साध्या तापमानाला ते पुन्हा जोड्या जमवतं. वास कापराचा, पण कापरात कुणी रॉकेल ओतल्यासारखा. भाऊ जिन्यावरूनच ओरडले, ‘मॅडम, हो कसलो वास?’ खालच्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्रवाल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

पायरी दुसरी इथे फसली. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या कुटून पूड करायची असते. मुलाने खलात २५ ग्रॅम घेतले, दोन मिनिटं कुटले, तोवर फोन वाजला म्हणून थांबला. परत बघतो तर खलात चिकट लापशी. मे महिन्यातली आपली हवा, तिने पाणी पुरवलं. दुसऱ्यांदा पाच-पाच ग्रॅम करून कुटलं आणि तसंच फ्लास्कमध्ये ढकललं. पण फेरस क्लोराइडची बाटली उघडली तर स्फटिक फिकट हिरव्याऐवजी गंजाच्या रंगाचे. गेल्या वर्षी कुणीतरी झाकण नीट लावलं नव्हतं. लोहाला आधीच हवा लागली होती, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्याचं तीन गमावलेलं झालं होतं. तरी करून पाहिलं. काळपट चिखल. टाकून दिला.

गंमत म्हणजे १९५१ला पिट्सबर्गला कीली आणि पॉसन यांनी जे केलं त्यात हे तीनवालं लोहच होतं. त्यांना फेरोसीन नको होतं, फुलव्हॅलीन नावाचं निराळंच काही हवं होतं. ग्रिन्यार अभिक्रियाकावर (मॅग्नेशियमचं एक संयुग) फेरिक क्लोराइड घातलं आणि हातात नारिंगी स्फटिक आले. तिथे ग्रिन्यार अभिक्रियाकानेच लोहाला खाली उतरवलं. आमच्या भांड्यात असं उतरवणारं कुणी नाही.

त्यांनी पदार्थातले घटक बरोबर मोजले, पण चित्र चुकीचं काढलं: लोह मध्ये आणि दोन्ही बाजूंना एकेका बंधाने लोंबणारी कडी. दुसऱ्याच वर्षी हार्वर्डला विल्किन्सन आणि वुडवर्ड, तिकडे म्युनिकला फिशर, यांनी खरं चित्र मांडलं. १९७३चं नोबेल फिशर आणि विल्किन्सनना. हे मुलांना सांगत होते तेव्हा मुलगा म्हणाला, ‘म्हणजे आकडे बरोबर असूनसुद्धा चुकू शकतं?’ मी हो म्हटलं आणि पुढे गेले.

२३ मे

नवी बाटली आली. नायट्रोजनखाली उघडली. हिरवी, ओल्या समुद्री काचेसारखी. सायक्लोपेंटाडाइन ५.५ मिली, फेरस क्लोराइड ६.५ ग्रॅम डीएमएसओ नावाच्या द्रावकात, थेंब थेंब, पाऊण तास. मिश्रण काळंनिळं झालं. बर्फ आणि हायड्रोक्लोरिक आम्लावर ओतल्यावर नारिंगी गाळ वर, आणि खालचं पाणी निळसर. निळं म्हणजे इलेक्ट्रॉन हरवलेलं फेरोसीन. मुलीने ते पाणी उगाच एका शिशीत भरून खिडकीत ठेवलंय.

दुपारी संप्लवन. दोन पेट्री डिश तोंडाला तोंड, खाली हॉटप्लेट, वरच्या काचेवर बर्फाची पिशवी. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग वरच्या काचेवर आधी धुकं, धुक्यात एक सुई, आणि मग बघता बघता सगळीकडे केशराच्या काड्या. काचेच्या आतून आत वाढत जातात आणि एकमेकींना अडल्या की वळतात. तिघंही वाकून बघत होतो. भाऊ पण आले, वास विसरून.

४.३ ग्रॅम, ७१ टक्के. वितळबिंदू १७२-१७३.

६ जून

पाऊस लागला. आता खरी परीक्षा.

फेरोसीनला पुलाचं एक टोक म्हणून एक अ‍ॅसिटिल गट बसवला: अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड, थोडं फॉस्फोरिक आम्ल, वॉटर बाथ. कॉलमवर, म्हणजे सिलिका भरलेल्या उभ्या काचनळीत, वेगळं केलं. कॉलम क्रोमॅटोग्राफी शिकवायची तर हाच प्रयोग, सगळं डोळ्यांना दिसतं. आधी पिवळा पट्टा (उरलेलं फेरोसीन), मागून नारिंगी (आपलं), अगदी वर अडकलेला लाल (दोन अ‍ॅसिटिल गट लागलेलं). पण पहिला कॉलम वाया गेला, दोन पट्टे एकमेकांत मिसळून आले. सिलिका दमट झालेली. १२० अंशांवर रात्रभर भाजली, मग नीट वागली. पापडासारखंच, पावसाळ्यात काढायचा आणि आधी भाजायचा.

अ‍ॅसिटिलफेरोसीन ३.१ ग्रॅम, ६३ टक्के.

१९ जून

काजूच्या फेनॉलवर पुलाचं दुसरं टोक म्हणून अ‍ॅल्डिहाइड बसवायचं: मॅग्नेशियम क्लोराइड, ट्रायइथिलअमाइन, पॅराफॉर्मल्डिहाइड, आणि द्रावक म्हणून कोरडं टीएचएफ. मॅग्नेशियम फेनॉलच्या ऑक्सिजनला धरून बसतं, म्हणून अ‍ॅल्डिहाइड त्याच्या शेजारीच लागतो, इकडेतिकडे भटकत नाही. छान रीत आहे, फक्त पाणी चालत नाही.

आणि बाहेर तर सगळं पाणीच. टीएचएफ सोडियम आणि बेंझोफिनोनवर चढवलं. कोरडं झालं की गडद निळं होतं, तीच खूण. दहाला लावलं. बाराला पिवळं. एकला हिरवट, आम्ही आनंदलो, दीडला पुन्हा पिवळं. सांध्यातून हवा ओढत होतं. सगळे सांधे पुन्हा ग्रीस लावून बसवले. पावणेचारला निळं आलं, एकदम, शाईची दौत सांडावी तसं.

३.०४ ग्रॅम फेनॉलपासून २.४ ग्रॅम अ‍ॅल्डिहाइड, ७२ टक्के. एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कुठे आणि किती ते आलेखावर दाखवणारी चाचणी; जागा पीपीएममध्ये मोजतात) ११ पीपीएमजवळ तो हायड्रोजनबंधातला ओएच, काडीसारखा उभा. बरोबर जागी लागलं.

३ जुलै

शेवटची जोडणी थेट करून पाहिली. अ‍ॅसिटिलफेरोसीन आणि हे अ‍ॅल्डिहाइड, इथेनॉलमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. क्लेझन-श्मिट, एमएस्सीच्या पहिल्या सत्रातली अभिक्रिया. झाली नाही. कारण पाहिलं तर उघड आहे: मोकळा फेनॉल अल्कलीत ऋणभारित होतो आणि शेजारच्या अ‍ॅल्डिहाइडला थंड करून टाकतो. वरून लांब शेपटीचा फेनॉल अधिक सोडियम म्हणजे सरळ साबण. शेवटी पदार्थ वेगळा करायला सेपरेटिंग फनेल हलवला आणि आत नुसता फेस. मीठ घातलं, दोन दिवस ठेवला, थर काही वेगळे होईनात. शेवटी तसाच ओतून दिला.

आधी ओएच झाकायचा. मिथिल गट लावू.

१० जुलै

मिथिलीकरण मुलाने केलं. सोडियम हायड्राइड, टीएचएफ, मिथिल आयोडाइड. ५ मिलिमोल. टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ प्लेटवर मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी चाचणी) एकच स्पॉट. १.९६ ग्रॅम. सैद्धांतिक १.७३. बाजूला लिहिलंय, ‘द्रावक शिल्लक’. दोन तास पंपावर ठेवलं, वजन तेवढंच. एक स्पॉट असल्यामुळे कॉलम लावला नाही. पानावर माझी सही आहे.

१६ जुलै

आता जोडणी सहज झाली. अर्ध्या तासात जांभळट लाल. इथेनॉलमधून लाल मेणासारखा घट्ट पदार्थ खाली बसला, गाळला, थंड इथेनॉलने धुतला. १.१९ ग्रॅम, ८६ टक्के. वितळबिंदू मात्र काढता येईना, चार-पाच अंशांत हळूहळू मऊ होत जातो. ‘मेणच ते,’ असं मी म्हणाले.

एनएमआर आणि मासला (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) नमुने बाहेर पाठवले.

२५ जुलै

मासमध्ये ५५६. बरोबर. मुलीने संध्याकाळी पेढे आणले.

२९ जुलै

एनएमआर आला. वरवर सगळं जागच्या जागी: मोकळ्या कड्याचे पाच हायड्रोजन ४.२० ला, जोडलेल्या कड्याचे दोन-दोन ४.५७ आणि ४.९० ला, मिथॉक्सी ३.९ जवळ, पुलावरचे दोन हायड्रोजन १५.७ हर्ट्‌झच्या अंतराने दुभंगलेले, म्हणजे ट्रान्स. मी कागद बाजूला ठेवणारच होते.

शेपटीच्या मधल्या बारा कार्बनांचे हायड्रोजन १.२५ ला एकत्र येतात. चोवीस. कागदावर ३६.

टोकाचा मिथिल ०.८८ ला. तीन हवेत. साडेचारच्या वर.

शेपूट तर पंधरा कार्बनांचीच आहे, फेनॉलच्या वेळी मोजली होती. मधल्या मध्ये ती लांब होत नाही.

३१ जुलै

संशयितांची यादी. सगळे १.२५ लाच राहतात, हीच अडचण. आमची शेपूट अशा मोहल्ल्यात आहे जिथे प्रयोगशाळेतली प्रत्येक घाण घर करून असते.

हेक्झेन? ६० अंशांवर सहा तास पंपावर ठेवलं, पुन्हा एनएमआर, आकडा हलला नाही. म्हणजे उडणारं काही नाही. सिलिकोन ग्रीस? ते ०.०७ ला दिसतं, तिथे काही नाही. न वापरलेलं अ‍ॅल्डिहाइड? १०.४ च्या आसपास दिसलं असतं, कोरं आहे. सांध्यांचं हायड्रोकार्बन ग्रीस असू शकतं, १९ जूनला आम्ही ते लोण्यासारखं फासलं होतं. पण तेव्हाच्या अ‍ॅल्डिहाइडचा कागद काढून पाहिला, तिथे चोवीस स्वच्छ आहेत.

म्हणजे १९ जून आणि १६ जुलै यांच्या मध्ये. म्हणजे १० जुलै.

टीएलसी प्लेट पुन्हा चढवली, पण या वेळी निव्वळ हेक्झेनमध्ये, आणि दिव्याखाली न बघता आयोडीनच्या बरणीत ठेवली. लाल पदार्थ खाली तसाच बसलेला. आणि वर, द्रावकाच्या रेषेला टेकलेला, एक पुसट तपकिरी डाग. अतिनील दिव्याखाली तो दिसतच नाही.

१ ऑगस्ट

सोडियम हायड्राइड बाटलीत नुसतं नसतं, खनिज तेलात मुरवलेलं असतं, १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅम तेल. वापरण्याआधी हेक्झेनने धुवायचं किंवा नंतर कॉलम लावायचा. मुलाला विचारलं किती घेतलं होतं. ‘मॅडम, बाटली जुनी होती, मेलं असेल म्हणून जास्त घातलं. एक ग्रॅम.’ धुतलं? नाही.

एक ग्रॅममध्ये ०.४ ग्रॅम तेल. १.९६ मधून वजा केलं की १.५६, म्हणजे ९० टक्के, अगदी शहाण्या माणसाचं यील्ड. पुढचा हिशेबही जुळतो. ८६ टक्क्यांतलं तेल वजा केलं आणि उरलेल्या पदार्थामागे तेलाचे हायड्रोजन वाटले तर बाराच्या आसपास येतात. चोवीस अधिक बारा.

मुलगा रडवेला झाला होता. त्याला तेच पान दाखवलं. ‘द्रावक शिल्लक’ त्याने लिहिलंय, सही माझी आहे. दोन तासांत न उडणारा द्रावक कसला, हे सही करताना मला सुचायला हवं होतं. मासने फसवलं म्हणावं तर तेही खरं नाही. त्या यंत्राला तेल दिसत नाही, त्याने जे दिसलं ते बरोबर सांगितलं.

आणि हे तसंच इलेक्ट्रोडवर गेलं असतं तर? पदार्थाऐवजी निम्म्या जागेवर तेलाचा थर, आणि आम्ही वर्षभर त्याचे आलेख काढत बसलो असतो.

पेढ्यांचा खोका अजून फ्रिजवर आहे. रिकामा.

१३ ऑगस्ट

पुन्हा. पोटॅशियम कार्बोनेट, अ‍ॅसिटोन, मिथिल आयोडाइड, रिफ्लक्स. हळू आहे, रात्रभर लागते, पण तेल नाही. साधा मीठ गाळल्यासारखा प्रकार. पहिल्यापासून हेच करायचं होतं. हायड्राइड घेतलं कारण बाटली समोर होती.

कॉलम लावला. स्पॉट एक असूनही लावला.

६ सप्टेंबर

उद्या चतुर्थी. दुपारी सगळं बंद. चालू अभिक्रिया एकही नाही, पंप बंद, सोडियमचा फ्लास्क आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हळूहळू मारून टाकला. मुलं गावी गेली. मी डिचोलीला जाते.

९ सप्टेंबर

माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट) बांधताना भावाने सुपारीचा घड, चिबूड, रानातली सगळी फळं टांगली. आईने विचारलं, काजूचं काय झालं. फोनवर लाल मेणाचा फोटो दाखवला. म्हणाली, कुंकवासारखं दिसतंय, आणि लगेच, ‘अंगावर उठत नाही ना?’ फेनॉल झाकला म्हणजे उठू नये, असं मी म्हणाले. ‘उठू नये म्हणजे? लावून बघितलंस?’ नाही बघितलं.

१८ सप्टेंबर

दुसरी जोडणी. शुद्ध मिथॉक्सी अ‍ॅल्डिहाइड ०.८७ ग्रॅम, अ‍ॅसिटिलफेरोसीन ०.५७ ग्रॅम. कॉलमवर आधी निव्वळ हेक्झेन सोडलं, त्यात काही आलं नाही, शंभर मिली स्वच्छ. मग इथिल अ‍ॅसिटेट वाढवत नेलं, लाल पट्टा एकसंध उतरला. या वेळी पदार्थ मेणासारखा नाही, चुरा होतो, आणि दीड अंशात वितळतो.

१.०६ ग्रॅम, ७६ टक्के.

२७ सप्टेंबर

एनएमआर. मोकळ्या कड्याचे हायड्रोजन पाच धरले तर १.२५ ला २४.४, ०.८८ ला ३.१.

मुलगा प्रिंट घेऊन धावत आला, पण या वेळी त्याने आधीच पेन्सिलीने दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली होती. १६ जुलैचं पान खोडलेलं नाही. ८६ च्या बाजूला लाल शाईने ‘तेलासकट, १ ऑगस्ट पाहा’ लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. जुन्या नमुन्याच्या शिशीवरही तशीच चिठ्ठी.

नवा पदार्थ तपकिरी शिशीत, नायट्रोजनखाली, सिलिका जेलच्या डब्यात. मोजमापांसाठी ५०० मिग्रॅ वेगळे काढले, एक्स-रेसाठी स्फटिक वाढवायला ५० मिग्रॅ डायक्लोरोमिथेन आणि हेक्झेनमध्ये ठेवले, झाकणाला सुईचं एक भोक. खिडकीत, मुलीच्या निळ्या पाण्याच्या शिशीशेजारी. ते पाणी आता पिवळट झालंय.

सोडियम हायड्राइडची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर. भाऊंनी झाकणावर पट्टी चिकटवलीय: ‘आदीं धुवप.’